पंपाचा कसूर नव्हता

जुन्या यंत्राच्या मालकाला अडाणी समजून त्याच्याकडून नको त्या दुरुस्तीचे पैसे वसूल करण्याचा जो प्रघात आमच्या भागात रूढ होत चालला आहे, त्याचा दाहक अनुभव गेल्या सुगीत मला आला. आणि तो केवळ माझ्यापुरता राहू नये, करकंब, भोसे, टेंभुर्णी या पट्ट्यात ज्यांच्या गोठ्याशेजारी अजूनही जुने ट्रॅक्टर उभे आहेत त्यांना तो उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

आमचा ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५. इंग्लंडातील डॉनकास्टरच्या कारखान्यात आकाराला आलेली ही घडण, महिंद्र आणि अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये मुंबईत जी कंपनी स्थापन झाली तिच्यामार्फत आपल्याकडे आली, आणि नांगरटीपासून उसाच्या वाहतुकीपर्यंत सर्व कामे तिने निमूटपणे केली. असे यंत्र भंगारात घालण्याचा सल्ला जे लोक उठल्यासुटल्या देतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर नाही.

रब्बी ज्वारीच्या मळणीसाठी यंत्र पीटीओवर जोडले की हातरेस एकदा ठरावीक जागी लावून तासन्‌तास तशीच ठेवावी लागते. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० च्या आसपास स्थिर राहिले तर दाणा आणि भुसा आपापल्या वाटेने वेगळे होतात. ते घसरले तर कणसे तोंडाशी तुंबतात, आणि चढले तर दाणा फुटतो व कणसे लावणाऱ्या माणसाच्या हातांना धोका उत्पन्न होतो. आमच्या हातरेसचा दांडा प्रथम हादऱ्याने आपोआप खाली सरकू लागला, त्याचे कारण उघड होते. दांड्याच्या मुळाशी दाब धरणारी जी चकती व स्प्रिंग असते ती झिजली होती. ती मी घरीच बदलली, जोडसळईच्या टोकाची ढिली झालेली पिन काढून नवी घातली, आणि दांडा जागच्या जागी पक्का बसला. तरीही रेस आपल्या मनाने चढत-उतरत राहिली, आणि दांडा पुरता ओढून घेतला तरी ती लवकर खाली येईना. दांडा सरकणे हा एक रोग आणि दांडा स्थिर असताना रेस चढणे हा निराळाच रोग, हा भेद ज्याला कळला त्याचे अर्धे काम झाले.

तालुक्याच्या गावी ज्या गॅरेजात मी ट्रॅक्टर नेला तेथील मिस्त्रींना मी नेमके हेच सांगितले. त्यांनी माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. "मालक, पंप गेलाय, दुसरं काय बी न्हाई," एवढे म्हणून त्यांनी पाना उचलला. डिझेलचा पंप उतरवला गेला, कॅलिब्रेशनला पाठवला गेला, शिशाचे सील लावून परत आला, आणि त्या सर्व खटाटोपाची जी रक्कम मी मोजली तिच्यात एका एकराच्या पेरणीचा खर्च सहज भागला असता. ट्रॅक्टर खळ्यावर आला, मळणीयंत्र जोडले, आणि रेस पूर्वीसारखीच चढली.

इंजिन थांबवून मी पंपाच्या मागच्या अंगाला वाकलो. आमच्या इंजिनाचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालणारा आहे. हातरेसचा दांडा पंपाला हात लावत नाही, तो हवा आत जाण्याच्या वाटेवरील बटरफ्लाय उघडतो-मिटतो, आणि तेथे निर्माण होणारी ओढ एका बारीक नळीवाटे पंपाच्या मागील चामड्याच्या पडद्यापर्यंत पोचून डिझेल कमी करते. म्हणून ही नळी कोठे फुटली, तर ओढ पोचत नाही, पडद्यामागील स्प्रिंग डिझेलचे प्रमाण ठरवणाऱ्या रॅकला पुढे ढकलते आणि इंजिन अंगावर आल्यासारखे धावते. त्या नळीच्या टोकाशी रबराचा जो तुकडा असतो त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. ती टेप माझी नव्हती. तिची चकाकीसुद्धा अजून गेलेली नव्हती. मी ती उलगडली, तेव्हा आत रबर बोटभर लांब उभे चिरलेले होते आणि चिरेत जुनी धूळ व तेल गच्च बसले होते. ही नळी सोडवल्याशिवाय पंप खाली उतरतच नाही. म्हणजे ज्याने पंप उतरवला त्याने ही चीर हातात धरून पाहिली होती, तिच्यावर टेप गुंडाळली होती, आणि तरीही पंपाचे पैसे घेतले होते.

तो तुकडा घेऊन मी पुन्हा गॅरेजात गेलो. खुलासा मागितला, तर उत्तर मिळाले, "एवढ्या जुन्या गाडीचं असंच असतंय मालक. अन् पंप तर नवा झाला न्हवं तुमचा?" पैसे परत देण्याची भाषा निघाली नाही. मला राग पैशांपेक्षा या उत्तराचा अधिक आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

जाड भिंतीची, डिझेलला टिकणारी नळी आणून दोन्ही टोकांना क्लिप कसल्या, आणि रेस त्याच दिवशी ठिकाणावर आली. पातळ नळी मात्र कोणी घालू नये. ती ओढीने आतल्या आत चपटी होते.

पंपाला हात लावू देण्यापूर्वी पडद्याची परीक्षा प्रत्येकाने स्वतः करावी. इंजिन बंद असताना बंद करण्याची तार पूर्ण ओढून धरावी, म्हणजे पडदा मागे सरकतो; त्याच स्थितीत पडद्याकडील नळी काढून पडद्याच्या घराचे उघडे पडलेले तोंड अंगठ्याने घट्ट दाबावे आणि तार सोडावी. रॅक थोडी सरकून थांबली तर पडदा शाबूत आहे. ती विनाअडथळा पुढे गेली तर पडदा गळका आहे, आणि तो एकटा बदलता येतो. नळी सुटी ठेवून इंजिन कदापि चालू करू नये, ते आवरणार नाही. हवेचा फिल्टर तुंबला तरी ओढ बिघडते, म्हणून त्यातील तेल व गाळही पाहावा.

बाकीचे व्यवहारज्ञान सर्वांना ठाऊक असते, पण पाळले जात नाही. दुरुस्तीच्या वेळी जवळ उभे राहावे, काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत, आणि कोणता दोष आढळला म्हणून कोणते काम केले हे पावतीवर लिहून घ्यावे. माझ्या पावतीवर केवळ "पंप काम" असे दोन शब्द आहेत. तरीही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद करता येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फिर्यादीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी शेती करणारा माणूस या कायद्याने ग्राहकच ठरतो.

ती चिरलेली नळी, ती टेप आणि ती पावती मी एका पाकिटात ठेवून सोलापूरला अर्ज देण्याची तजवीज केली आहे. ज्यांना "पंप गेलाय" याच वाक्यावर पंप उतरवून द्यावा लागला असेल, त्यांनी आपल्या पावत्या फाडून टाकू नयेत.