मांजर पायांवरच पडतं, मग जाळी कशाला?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. मुलांनी हट्ट धरला म्हणून एका प्राणी-संस्थेकडे मांजराचं पिल्लू दत्तक मागायला गेलो. त्यांनी खिडक्यांचे फोटो मागितले, घरी मांसाहार चालतो का विचारलं, नसबंदी करू असं लिहून द्या म्हणाले. रस्त्यावर फुकट मिळणाऱ्या पिल्लासाठी एवढी झडती? आणि मांजर कुठूनही पडलं तरी पायांवरच पडतं ना? – एक वाचक

उत्तर : पडतं पायांवरच, बहुतेक वेळा. हवेत अंग वळवून पाय खाली आणण्याची कला पिल्लू दोनेक महिन्यांचं होईपर्यंत शिकलेलं असतं. पण म्हणून ते सुखरूप राहतंच असं नाही. इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं पाच महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात आली होती. त्यांच्यावरचा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के जगली, आणि तेव्हापासून हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. पण जी जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती हिशेबातच नाहीत. जगलेल्यांतही कुणाच्या फुफ्फुसाला इजा, कुणाचा जबडा मोडलेला, कुणाची टाळू दुभंगलेली.

आपल्याकडे निमित्त होतं ते बहुधा कबुतराचं. खिडकीच्या कट्ट्यावर ते येऊन बसलं की मांजराला बाकी जगाचं भान राहत नाही. गुळगुळीत कडप्प्यावर नखं रुतत नाहीत. ग्रिल आहे म्हणाल, तर दोन गजांतून पिल्लाचं डोकं गेलं की मागून सगळं अंग जातं. तेव्हा फोटो मागितले ते योग्यच. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळीही चालेल, मात्र चारी बाजूंनी ताणून बसवा आणि कुरतडली आहे का ते अधूनमधून पाहत जा.

मांसाहाराच्या प्रश्नाचा राग आला असणार. घर भाड्याने घेताना हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय त्यांना तो टोचतोच. इथे मात्र तो तुमच्यासाठी नसून मांजरासाठी आहे. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं आणि ते पुरेसं तयार करणं त्याला जमत नाही. ते मिळतं मांस-मासळीतून. दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. पहिली गोष्ट १९७५ मध्ये कळली, दुसरी १९८७ मध्ये. तयार कॅट फूडमध्ये टॉरिन घातलेलं असतं, त्यामुळे घरी मासळी शिजत नसली तरी हरकत नाही. पण खाऊच्या त्या पाकिटालाही घरात जागा नसेल, तर मांजर पाळू नये, हे माझं स्पष्ट मत. आणि दुधाचं म्हणाल, तर वाढ झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही. पोट बिघडतं. आपल्या गोष्टींतली सगळी मांजरं मात्र दुधावरच टपलेली!

नसबंदीचं कारण साधं आहे. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीनदा हे घडतं. संस्थेचे पिंजरे याच पिल्लांनी भरतात. बोका असेल तर घरातल्या पडद्यांवर मुताचे फवारे सुरू झाल्यावर तुम्हीच शस्त्रक्रियेची तारीख मागाल.

मग तोंडी कबुली का चालत नाही? कारण कायद्याचा धाक नाही. प्राण्याला त्याची उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, पण त्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. म्हणून संस्था आधीच विचारून घेतात, लिहून घेतात. काही ठिकाणी हे विचारणं उद्धटपणे होतं, तेही खरं.

आता एवढं करा. आधी जाळी बसवा आणि मग पुन्हा जा. मुलं लहान असतील तर पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचं, नसबंदी आणि लसीकरण झालेलं मांजर मागा. त्याचा स्वभाव संस्थेला ठाऊक असतो, आणि अशा मांजरांना विचारणारे फार थोडे येतात. घरी आणल्यावर ते पलंगाखाली जाऊन बसेल. ओढून काढू नका. खोलीत खाणं, पाणी आणि शी-शूसाठी मातीचा ट्रे ठेवा आणि मुलांना दार लावून घ्यायला सांगा.