गच्चीवरची खोली आणि बांधकाम नियमावली

आपल्यापैकी बरेच जण होस्टेलला येण्याआधी 'रूम करून' राहिले आहेत. कुणी अकरावी-बारावीला लातूर पॅटर्नच्या ओढीनं लातूरला, कुणी क्लाससाठी नांदेडला. ती रूम बहुधा घरमालक काकांच्या गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, नंतर काढलेली. अशी खोली बांधायला नियम काय आहेत, ते सिव्हिलचा विद्यार्थी म्हणून मी यंदा वाचून काढलं.

कॅलिफोर्नियात 2020 पासून घरमालकाला अंगणात 800 चौ. फुटांचं छोटं घर बांधायला स्थानिक नगरपालिका सहसा अडवू शकत नाही. हद्दीपासून चार फूट जागा सोडली की झालं. आपल्याकडं अंगणातली खोली मूळ घराच्याच हिशेबात धरतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्यानं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. नांदेड आणि लातूर दोन्ही महापालिका तिच्यात येतात.

आता हिशेब करू. प्लॉट 30 बाय 40, म्हणजे 1200 चौ. फूट. मूळ चटई क्षेत्र 1.10 धरलं तर 1320 चौ. फूट मिळतं. त्यावर अधिमूल्य भरून 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, म्हणजे जास्तीत जास्त 2112. पण चारी बाजूंना सोडायची जागा, उंची, पार्किंग हे सगळं सांभाळून. खालीच सगळी जागा संपवली असेल तर गच्चीवर कागदोपत्री काही उरत नाही. आणि आपली लाडकी दहा बाय दहा? राष्ट्रीय इमारत संहितेत घर एकाच खोलीचं असेल तर ती किमान 9.5 चौ. मीटर लागते. दहा बाय दहा भरते 9.29. थोडक्यात नापास!

गुंठेवारीतल्या प्लॉटचं दुखणं निराळं. तिथं आधी प्लॉटच नियमित करून घ्यावा लागतो. त्यासाठी 2001 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली.

मला खरी महत्त्वाची वाटली ती 150 चौ. मीटरपर्यंतच्या प्लॉटची तरतूद. आपला 1200 फुटी प्लॉट 111 चौ. मीटरचा, म्हणजे तिच्यातच बसतो. इथं परवान्यासाठी खेटे घालायचे नाहीत. परवानाधारक अभियंत्याच्या सहीचे नकाशे द्यायचे, शुल्क भरायचं, आणि पावती हीच परवानगी. म्हणजे तपासणारा माणूस कोण? सही करणारा. उद्या तुम्ही-आम्हीच.

चटई क्षेत्राच्या गणितात कॉलम कुठंच येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीचा पाच इंची स्लॅब जवळपास तीन टन, साडेचार इंची विटांच्या भिंती आठेक टन. माणसं, पलंग, पाण्याची टाकी वेगळी. खालचं घर एकाच मजल्याच्या हिशेबानं बांधलेलं असेल तर हे अकरा टन उचलणार कोण? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. वरचं वजन भूकंपात काय करतं हे लातूर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही, तरी गच्चीवर विटा चढतातच.

जुन्या घराचे नकाशे सापडत नाहीत, ही नेहमीची अडचण. तेव्हा एका कॉलमशेजारी खड्डा घेऊन फुटिंगची लांबी-रुंदी आणि खोली मोजावी, कॉलमवर रिबाउंड हॅमर मारून काँक्रीटचा अंदाज घ्यावा, सळया किती आणि केवढ्या ते एखाद्या ठिकाणी कव्हर फोडून पाहावं. एका दिवसाचं काम आहे.