वळवाचा ढग आणि मृगाचा ढग



पश्चिमेला ढग उठला की पाऊस येणार हे लोक लगेच ओळखतात, असे प्रभू येशूने म्हटल्याचे संत लूकच्या शुभवर्तमानात (12:54) आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागातही समुद्र पश्चिमेस. तरी मे महिन्यातला वळीव बहुधा पूर्वेकडून येतो. म्हणून आपण दोन ढगांतला फरक समजून घेऊ.

वळवाचा ढग : सकाळी आकाश निरभ्र असते. जमीन तापली की दुपारी कापसाच्या ढिगासारखे ढग दिसतात. ते फुलकोबीच्या गड्ड्यासारखे फुगून उंच चढू लागले तर सावध व्हावे. माथा ऐरणीसारखा पसरला व बूड काळे पडले, की वीज, वादळ, कधी गाराही येतात. अचानक गार वारा सुटला म्हणजे पाऊस जवळ आला. एका शिवारात पाणी साचते, शेजारचे कोरडे राहते.

मृगाचा ढग : मोसमी पाऊस साधारण 1 जूनला केरळात येतो आणि पुढे गोव्यावरून आपल्याकडे सरकतो. तेव्हा पश्चिमेचा वारा रात्रंदिवस टिकतो, करडे ढग आकाशभर पसरतात आणि सरींमागून सरी येतात.

शेतीसाठी : वळवाने ढेकळे फुटतात. नंतर उगवलेले तण कुळवाने मोडावे. भाताची धूळवाफ पेरणी कोरड्या मातीत होते, ती वळवाची उघडीप पाहून उरकावी. सोयाबीन व भुईमूग मात्र एका वळवावर पेरू नयेत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पेरावे. नाहीतर उगवण करपते आणि बियाण्याचे पैसे बुडतात.

जिवासाठी : वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस मोजून होण्याआधी आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये, गुरे झाडाला बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने व भरभर दाबत राहावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

उरलेले काम उद्या होते. मुलांना व शेतमजुरांनाही हे जरूर सांगावे.