बाटलीतल्या थरांतून शेताचा धडा



जून 2020 मध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं. तो रंग मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसलं. रंगीत जिवाणू पोरांना घरीही वाढवता येतात.

*कृती*
1) तळ्याचा गाळ, कागदाचे कपटे आणि थोडा अंड्याचा बलक (किंवा जिप्सम) कालवून पारदर्शक बाटलीत भरा.
2) वर दोन बोटं तळ्याचं पाणी. झाकण सैल ठेवा. हात साबणाने धुवा.
3) खिडकीच्या उजेडात सहा-आठ आठवडे ठेवा, हलवू नका.

*काय दिसेल*
वर हिरवा थर, मध्ये जांभळट-लाल, तळाशी काळा. तळात हवा नसते, म्हणून सडक्या अंड्याचा वास येतो.

*शेतात काय?*
काळ्या रानात पाणी तुंबलं की तेच होतं. हवा संपते, बिनहवेचे जिवाणू नत्राचा वायू करून उडवतात. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींनाही हवा लागते. त्या मंदावतात, पानं पिवळी पडतात.

पिवळं दिसलं की लगेच युरिया फेकू नका, तेही वाया जाईल. *आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला की कोळपणी करा.* तरीही पिवळेपणा राहिला तर पानांचा आणि मुळांचा फोटो पाठवा.