सव्वीस अकराचं लेकराला काय सांगायचं?

अगं, नोव्हेंबर निम्मा सरला की तुझ्यासारख्या दोघी-तिघींचे फोन येतातच. "ताई, शाळेत सव्वीस अकराचं काहीतरी असणार आहे. याला काय सांगू? आत्ताशी पहिलीत आहे गं." आणि मग जरा आवाज खाली आणून, "नाहीच सांगितलं तर नाही का चालणार?"

चालेल की. पण मग दुसरं कोणीतरी सांगेल. व्हॅनमधला चौथीतला दादा सांगेल, तोंडाने 'ढिश्क्यांव' करत, मेलेल्यांचा आकडा मनाने वाढवून. नाहीतर टीव्ही सांगेल. म्हणून माझं मत असं, की एक-दोन दिवस आधी आपणच सांगून मोकळं व्हावं. नंतर निस्तरत बसण्यापेक्षा ते सोपं जातं.

तुझी अडचण मला कळते. २००८ साली मुंबईवर तो दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा तू नववीत होतीस. बुधवारची ती रात्र, मग शनिवार सकाळपर्यंत न संपलेल्या बातम्या, लिओपोल्ड, सीएसटी (आताचं सीएसएमटी), कामा, ओबेरॉय, नरिमन हाऊस, ताज, हे सगळं तुझ्या डोक्यात एकावर एक रचलेलं आहे. १६६ माणसं गेली. तोंड उघडलं की हे सगळं बाहेर पडेल अशी तुला धास्ती वाटते. पण तुझ्या पोराच्या डोक्यात यातलं काहीच नाही, आणि असलंच तर भलतंच काहीतरी असू शकतं. म्हणून आधी विचार, "तुला काय माहितीये रे त्याबद्दल?" आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही, ते शिकायला हवं.

आमच्या इमारतीतल्या एका पाच वर्षांच्या मुलाला मी असंच विचारलं, तर तो अगदी सहज म्हणाला, "त्या दिवशी ताजला आग लागते ना, दर वर्षी." त्याचं काय चुकलं? आदल्या वर्षी त्या तारखेला त्याने टीव्हीवर ताज जळताना पाहिला होता, त्या वर्षी पुन्हा पाहिला. जुनं चित्रण परत दाखवतात हे आपल्याला कळतं. एवढ्या लहान मुलाला ते कळत नाही, तो प्रत्येक वेळी नवी आग पाहतो. मी त्याला एवढंच सांगितलं, की आग एकदाच लागली होती, बंबवाल्या काकांनी ती विझवली, आणि मग तो जळलेला जुना भाग नीट दुरुस्त करून २०१०च्या १५ ऑगस्टला पुन्हा उघडला. "म्हणजे आत्ता नाही जळत?" नाही रे, आत्ता तिथे लोक चहा पीत बसलेत. त्याचा चेहरा इतका सैल पडला की मला त्याच्या आईची दया आली. बिचारी वर्षभर विचार करत होती की हा ताजसमोरच्या गेटवेला फिरायला यायला का रडतो.

त्यामुळे २५ ते २७ या तारखांना घरातल्या बातम्या बंद. आता तू म्हणशील, आजोबांना कोण सांगणार? तू नको सांगूस, त्यांच्या लेकाला सांगू दे. आणि 'टीव्ही लावू नका' असं म्हणायचं नाही, 'हा झोपला की लावा' म्हणायचं. आजोबा नातवासाठी काहीही करतात, फक्त सुनेने शिकवलेलं त्यांना आवडत नाही. मोबाइलवरच्या स्टेटसचंही तेच, त्या तीन दिवसांत तुझा फोन त्याच्या हातात देऊ नकोस.

सांगायचं कधी? झोपताना तर मुळीच नाही, आणि समोर बसवून, हात हातात घेऊन, गंभीर चेहऱ्यानेही नाही. मुलं तशाने आधीच घाबरतात. सध्या बाजारात मटार आलाय, किलोभर आण आणि दोघं सोलायला बसा. हात गुंतलेले असले आणि डोळ्यांत डोळे घालायचे नसले की मुलं हवं ते विचारतात. मध्येच दाणे खातात, विषय बदलतात, परत येतात. येऊ दे.

आणि सांगायचं ते चार-पाच वाक्यांत. "तू जन्मायच्या खूप आधी काही माणसं बंदुका घेऊन समुद्रातून बोटीने मुंबईत आली. त्यांनी खूप जणांना मारलं. पोलिसांनी आणि कमांडोंनी त्यांना थांबवलं. ते संपलं. त्या दिवशी गेलेल्यांची आपण दर वर्षी आठवण काढतो." बास. 'मेले' म्हण, 'मारलं' म्हण. 'झोपी गेले', 'देवबाप्पाने बोलावलं' असलं काही नको. मग तो रात्री झोपायला घाबरतो, नाहीतर देवबाप्पावर रुसतो. 'बंदुका' म्हटलंस की पुरे, त्या कुठल्या होत्या, किती गोळ्या सुटल्या, हे त्याने विचारलं तरी "ते मोठा झालास की" म्हणायचं.

यानंतर प्रश्न येईल तो इतिहासाचा नसेल. तो असेल, "परत येतील?" आणि त्याच्या पोटात, "बाबा रोज सीएसएमटीला जातात." तुमचं घर डोंबिवलीत, त्याचे बाबा फोर्टात नोकरीला, त्याने आणखी काय विचारावं? इथे आपण फार पटकन बोलून जातो, "छे, असं परत कधीच होणार नाही." नको म्हणूस. मुलं मोठी होतात, पेपर वाचायला लागतात, आणि आपली आई थाप मारते हे त्यांच्या लक्षात राहतं. त्यापेक्षा त्याला दिसणाऱ्या गोष्टी दाखव. स्टेशनात शिरताना ती चौकट लागते ना, पीं करणारी, ती त्यासाठीच. मॉलमध्ये काका बॅग तपासतात ते त्यासाठीच. त्या वेळी कमांडो दिल्लीहून विमानाने यावे लागले होते, आता त्या कमांडोंच्या दलाचं, एनएसजीचं, केंद्र मुंबईतच आहे आणि महाराष्ट्राने स्वतःचं 'फोर्स वन' पथकही उभं केलंय. समुद्रावर गस्त असते. एवढं सांगितलंस की शेवटी त्याच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर दे, बाबा साधारण किती वाजता घरी येतात, उशीर झाला तर कुणाला फोन करतात. एनएसजीपेक्षा त्याला या फोनने जास्त धीर येतो.

आता शूरांच्या गोष्टी. सगळ्यांना वाटतं, वाईट सांगितलं की लगेच त्याच्यावर एक शौर्यकथा सांगावी. तत्त्वतः बरोबर आहे. पण कुठली, याचा विचार कर. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव तुकाराम ओंबळे यांचं. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसात आलेले, सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी असताना त्यांनी हल्लेखोरांपैकी एकाच्या, कसाबच्या, बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे सांगताना माझा आजही गळा दाटतो. पण सहा वर्षांच्या मुलाला यातून काय कळतं, सांगू? चांगला माणूस पुढे गेला आणि मेला. आणि तुमच्या मजल्यावर एखादं पोलिसाचं मूल राहत असेल, तर त्याला ही गोष्ट 'बाबा परत आले नाहीत' अशीच ऐकू येते. म्हणून ओंबळे आणि त्याच रात्री गेलेले पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर हे नववं-दहावं वर्ष सरलं की. तोवर तुझ्या कीटकवेड्या पोराला एवढंच सांग, की महाराष्ट्रात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या जातीला शास्त्रज्ञांनी ओंबळ्यांचं नाव दिलंय, 'आयसियस तुकारामी'. तो भिंतीवर कोळी शोधत फिरेल. फिरू दे. नाव ओळखीचं झालं की पुढची गोष्ट तो स्वतः विचारायला येईल.

सहा वर्षांच्या मुलासाठी माझ्या मते सगळ्यांत चांगली गोष्ट विष्णू झेंडे यांची. सीएसटीवर गाड्यांची घोषणा करणारे उद्घोषक. गोळीबार सुरू झाल्यावर त्यांनी माइक सोडला नाही. इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते लोकांना सांगत राहिले, आणि त्या आवाजाच्या मागे जाऊन कितीतरी जण वाचले. पुढच्या वेळी लोकलची वाट बघताना घोषणा ऐकू आली की तो आपणहून म्हणेल, "हे झेंडेकाका?" त्याला हात लावता येईल अशी ही गोष्ट आहे. रोजचंच काम, रोजचाच माइक.

थोड्या मोठ्या मुलीसाठी अंजली कुलथे. कामा हॉस्पिटलच्या परिचारिका, रात्रपाळीला होत्या. दोन बंदूकधारी आवारात शिरताना दिसले तशी त्यांनी दारं लावून घेतली, आणि वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आतल्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन दिवे मालवून बसवलं. पुढे कोर्टात साक्ष दिली, कसाबला ओळखलं. तुझ्या नणंदेची मुलगी आठ वर्षांची आहे ना, तिला ही सांग. मुली लगेच विचारतात, "मग बाळं झाली का?" झाली की! एका बाईला तर त्याच रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा कुलथे तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिकक्षात घेऊन गेल्या.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण विचारशील. कोणीतरी वर्गात म्हणणार, "ते मुसलमान होते." आणि याच्याच बाकावर बसणारा मित्र मुसलमान असणार. हे ऐकून आपण विषय टाळला, तर मूल आपला काय तो अर्थ लावतं. सरळ बोल. मारणारे दहाजण होते, ते पाकिस्तानातून आले होते. सीएसटीवर गाडीची वाट पाहत बसलेल्या ज्या लोकांना त्यांनी मारलं, त्यांत हिंदू होते तशी मुसलमान कुटुंबंही होती. आणि मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मेलेल्या नऊ दहशतवाद्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. मोठ्या भावंडांना ही शेवटची गोष्ट जरूर सांग. धाकट्याला एवढं पुरे, की ते तुझ्या मित्राचे कोणी नव्हते. आणि त्या आठवड्यात त्या मित्राला खेळायला बोलाव.

"पकडलेल्याचं काय केलं?" याचं उत्तर, "कोर्टात केस चालली, त्यालाही वकील दिला, आणि मग शिक्षा झाली." फाशी हा शब्द त्याने बाहेरून आणला तर नाकारू नकोस. २०१२ मध्ये येरवड्यात झाली, हो म्हण आणि सोड. त्यात रस घेऊन सांगू नकोस, आणि घरातल्या कोणी टाळ्या पिटल्या तर त्यांनाही आवर. एका पोराने मला विचारलं होतं, "त्याच्या आईला माहीत होतं का तो कुठे चाललाय?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." हेही उत्तर असतं बाई. आपल्याला प्रत्येकाचं उत्तर यायलाच हवं असं काही नाही.

शाळेचं बघ. तोच दिवस संविधान दिनही असतो. १९४९ साली २६ नोव्हेंबरला संविधान स्वीकारलं, म्हणून २०१५ पासून तो देशभर पाळतात. सकाळी उद्देशिका म्हणायची, घोषणा द्यायच्या, आणि लगेच दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. लहान मुलांचा पार गोंधळ होतो, की आज आनंदाचा दिवस की दुःखाचा? आदल्या संध्याकाळी सांगून ठेव, "उद्या दोन कामं आहेत, आधी मोठ्याने बोलायचं, मग गप्प उभं राहायचं." गप्प असताना कोणी हसलं तर ओरडू नये, हे मात्र बाईंना सांगायला हवं. सहा वर्षांचं मूल घाबरलं तरी हसतं.

आणि शाळेने कमांडोचा वेश मागवला, प्लास्टिकची बंदूक घेऊन स्टेजवर 'हल्ला' करायला सांगितलं, तर स्वच्छ नाही म्हण. मला हा प्रकार पटत नाही. स्टेजवर कोणाच्या तरी पोराला दहशतवादी व्हावं लागतं, आणि ते बिचारं घरी जाऊन रडतं. फार तर त्याला माइक दे, झेंडे होऊ दे.

घरी तो ठोकळ्यांचा मनोरा रचून पाडेल, गोळ्या झाडेल, दोन दिवस हेच खेळेल. खेळू दे, मुलं असंच पचवतात. कधीतरी विचार, "आता लोकांना बाहेर कोण काढणार?" तो रुग्णवाहिका आणेल. मात्र तीन आठवडे उलटले तरी झोप उडालेली, अंथरूण ओलं, शाळेला नकार, बाबांना सोडायलाच तयार नाही, असं असलं तर बालरोगतज्ज्ञांना विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२७ला सकाळी उठून "काल कसं वाटलं?" असं खोदून विचारू नकोस. तो फेब्रुवारीत, आंघोळीच्या वेळी, अंगाला साबण असताना विचारेल, तेव्हा उत्तर दे. आणि अडलं तर मला फोन कर, पण साडेदहानंतर. त्याआधी आमच्याकडे मालिका चालू असते आणि सासूबाईंना मध्ये बोललेलं चालत नाही.