दोन प्रक्रियकांची तुलना : वेग, किंमत आणि मोल

विहिरीवर बसवावयाच्या दोन पंपांची तुलना त्यांच्या चाकांच्या फेऱ्यांवरून कोणी करीत नाही. तासाला किती पाणी वर येते आणि त्यासाठी किती खर्च होतो, एवढेच पाहिले जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक पुष्कळदा विसरला जातो. संगणकातील सर्व आकडेमोड करणारा जो भाग, म्हणजे प्रक्रियक किंवा मायक्रोप्रोसेसर, तो दर सेकंदाला किती स्पंदांच्या तालावर चालतो हा आकडा जाहिरातीत ठळकपणे छापलेला असतो आणि ग्राहक त्यालाच वेग समजतो. हा समज कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी झेड-८० आणि ६५०२ या दोन प्रक्रियकांचे उदाहरण फार उपयोगी पडते. दोन्ही एकाच पिढीचे होते, दोन्ही एका वेळी आठ द्विअंक हाताळीत आणि दोन्ही ६४ किलोबाइटपर्यंतच्या स्मृतीशी व्यवहार करू शकत. तरीही ती घडविणाऱ्यांचे विचार अगदी भिन्न होते.

जन्म आणि किंमत

६५०२ हा प्रक्रियक अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने १९७५ साली बाजारात आणला. चक पेडल यांच्या नेतृत्वाखालील त्याच्या शिल्पकारांपैकी बरेच जण पूर्वी मोटोरोला कंपनीत ६८०० या प्रक्रियकावर काम करीत होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनाच्या वेळी ६५०२ केवळ २५ डॉलरला विकला गेला. त्या सुमारास सुट्या ६८०० ची किंमत १७५ डॉलर होती. पुढच्याच महिन्यात मोटोरोलाने ती ६९ डॉलरवर आणली, यावरून या घटनेचा धक्का केवढा होता याची कल्पना येते.

ही स्वस्ताई तोटा सोसून केलेली नव्हती. सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेक चिपा एकदम घडविल्या जातात आणि चकतीवर इतस्ततः विखुरलेल्या सूक्ष्म दोषांमुळे त्यांतील काही वाया जातात. चिपेचे क्षेत्रफळ जितके कमी, तितक्या एका चकतीवर चिपा अधिक बसतात आणि प्रत्येक चिपेच्या वाट्याला दोष येण्याची शक्यताही तितकीच घटते. लहान आकाराचा लाभ अशा रीतीने दुहेरी असतो. ६८०० चे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस मिलिमीटर होते, तर ६५०२ चे सुमारे १७. ज्यांवाचून काम भागेल असे सर्व काही काढून टाकणे हेच या रचनेचे सूत्र होते.

झेड-८० हा झायलॉग कंपनीचा प्रक्रियक १९७६ साली आला. इंटेल कंपनीच्या ४००४ आणि ८०८० या प्रक्रियकांच्या निर्मितीत प्रमुख वाटा असलेले फेदेरिको फाजिन यांनी राल्फ उंगरमान यांच्यासह ही कंपनी स्थापन केली होती, आणि ८०८० वर काम केलेले मासातोशी शिमा हेही त्यांच्याबरोबर होते. ८०८० साठी लिहिलेल्या आज्ञावली झेड-८० वर तशाच चालाव्यात आणि शिवाय त्याने पुष्कळ अधिक करावे, हा त्यांचा हेतू होता. त्यामुळे ६५०२ मध्ये सुमारे साडेतीन हजार क्रियाशील ट्रान्झिस्टर असताना झेड-८० मध्ये ट्रान्झिस्टरांची संख्या सुमारे साडेआठ हजार झाली.

रचनेतील भेद

प्रक्रियकाच्या आत आकडे तात्पुरते ठेवण्याच्या ज्या जागा असतात त्यांना रजिस्टर म्हणतात. सुताराच्या हाताशी असलेल्या फळीप्रमाणे त्यांचा उपयोग होतो. फळीवरचे हत्यार चटकन मिळते, तर कोठारातले आणावयास वेळ लागतो. झेड-८० मध्ये ही फळी ऐसपैस आहे. मुख्य रजिस्टरांचे दोन संपूर्ण संच, शिवाय सोळा द्विअंकांची आणखी काही रजिस्टरे त्यात आहेत. ६५०२ मध्ये आकडेमोडीसाठी एक संचायक आणि त्याच्या जोडीला दोन लहान निर्देशक रजिस्टरे, एवढीच सामग्री आहे.

ही उणीव ६५०२ ने वेगळ्या मार्गाने भरून काढली. स्मृतीतील पहिल्या २५६ बाइटांना, म्हणजे तथाकथित शून्य पृष्ठाला, त्यात खास सवलत आहे. तेथील आकडा उचलण्याची आज्ञा आखूड असते आणि ती तीन स्पंदांत पूर्ण होते. म्हणजे फळी लहान असली, तरी कोठाराचा पहिला खण हाताशी आहे. शिवाय ६५०२ जवळजवळ प्रत्येक स्पंदात स्मृतीशी एक व्यवहार उरकतो. झेड-८० ला आज्ञा वाचण्यासाठी किमान चार आणि साधा आकडा वाचण्यासाठी तीन स्पंद लागतात. स्पंदांची संख्या पाहून वेग ठरविणे येथेच फसते, कारण या दोघांचे स्पंद सारख्या मोलाचे नाहीत.

तीन कामांची परीक्षा

एखादे काम पूर्ण होण्यास लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळतो : किती आज्ञा द्याव्या लागतात, प्रत्येक आज्ञेस सरासरी किती स्पंद लागतात आणि एक स्पंद किती काळाचा असतो. जाहिरातीतील मेगाहर्ट्‌झचा आकडा फक्त तिसऱ्या गोष्टीविषयी बोलतो. पुढील हिशेबात झेड-८० हा ४ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला ४० लाख स्पंदांवर चालतो असे धरले आहे. ६५०२ चा विचार १ आणि २ अशा दोन्ही मेगाहर्ट्‌झवर केला आहे.

पहिले काम : स्मृतीतील कोणत्याही जागेचा एक बाइट संचायकात आणणे. ६५०२ ला ४ स्पंद लागतात, झेड-८० ला १३. म्हणजे १ मेगाहर्ट्‌झच्या ६५०२ ला ४ मायक्रोसेकंद, २ मेगाहर्ट्‌झच्या ६५०२ ला २ आणि झेड-८० ला ३.२५ मायक्रोसेकंद. स्पंद चौपट असूनही झेड-८० पहिल्याहून थोडासाच पुढे आहे आणि दुसऱ्याच्या मागे आहे.

दुसरे काम : स्मृतीतील सोळा द्विअंकी दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज पुन्हा स्मृतीत ठेवणे. ६५०२ ला ही बेरीज दोन तुकड्यांत करावी लागते; संख्या शून्य पृष्ठावर असतील तर एकूण २० स्पंद होतात. झेड-८० ती एकाच आज्ञेने करतो, परंतु संख्या आणण्या-ठेवण्यासह त्याचे ६३ स्पंद खर्च होतात. वेळ अनुक्रमे २०, १० आणि १५.७५ मायक्रोसेकंद. मात्र याच संख्या अगोदरपासून रजिस्टरांत असतील, तर झेड-८० ला केवळ ११ स्पंद, म्हणजे पावणेतीन मायक्रोसेकंद पुरतात. आज्ञावली लिहिणाराचे कौशल्य येथे निर्णायक ठरते.

तिसरे काम : स्मृतीतील मजकुराचा एक भाग दुसरीकडे उतरविणे. यासाठी झेड-८० मध्ये स्वतंत्र आज्ञा आहे आणि ती एका बाइटास २१ स्पंद घेते. ६५०२ ला उचलणे, ठेवणे, मोजणे आणि मागे वळणे अशा चार आज्ञांचे चक्र फिरवावे लागते. अनुकूल स्थितीत त्याचे १४ स्पंद होतात आणि ते साधे चक्र एका वेळी २५६ बाइटांपुरतेच चालते. वेळ १४, ७ आणि ५.२५ मायक्रोसेकंद. येथे झेड-८० दोघांनाही मागे टाकतो.

तीन कामांचे तीन वेगळे निकाल लागले. तेव्हा “यांपैकी वेगवान कोणता?” हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही. ढोबळमानाने एवढे म्हणता येईल, की २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ हा ४ मेगाहर्ट्‌झच्या झेड-८० चा बरोबरीचा प्रतिस्पर्धी होता.

चिपेची किंमत आणि संगणकाची किंमत

ग्राहक प्रक्रियक विकत घेत नाही, तो संगणक विकत घेतो. म्हणून प्रक्रियकामुळे इतर भागांचा खर्च किती वाढतो वा घटतो, हेही हिशेबात धरावे लागते. त्या काळातील स्वस्त स्मृतीतील माहिती टिकवण्यासाठी तिला वारंवार उजाळा द्यावा लागे. त्या उजाळ्याची मोजणी करणारी सोय झेड-८० च्या पोटातच होती, त्यामुळे काही सुटे भाग वाचत. ६५०२ चा लाभ निराळा होता. तो प्रत्येक स्पंदाच्या अर्ध्या भागातच स्मृती वापरतो. उरलेल्या अर्ध्या भागात तीच स्मृती पडद्यावरील चित्रासाठी वापरण्याची युक्ती स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९७७ च्या ॲपल-२ मध्ये योजिली. त्यामुळे चित्र रेखाटताना प्रक्रियकाला थांबावे लागत नसे आणि स्मृतीचा उजाळाही त्याच ओघात होत असे.

याउलट इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने १९८० मध्ये ९९.९५ पौंडाला विकलेल्या झेडएक्स-८० संगणकात पडद्यावरील चित्र तयार करण्याचे कामही झेड-८० वरच सोपविले होते. संगणक स्वस्त झाला, परंतु आकडेमोड चालू असताना पडदा कोरा पडे. पुढील वर्षीच्या झेडएक्स-८१ मध्ये चित्र कायम ठेवण्याची सोय झाली. मात्र त्या अवस्थेत आकडेमोडीचा वेग जवळजवळ एकचतुर्थांश होई. प्रक्रियक तोच असूनही वापरणाराच्या हाती पडणारा वेग असा बदलतो. या उदाहरणाची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. ज्याच्याजवळ शंभर पौंडच होते, त्याच्या दृष्टीने कोरा पडणारा पडदाही संगणक मुळीच नसण्यापेक्षा मोलाचा होता.

आज्ञावलींचे मोल

किमतीचा आणखी एक घटक म्हणजे उपलब्ध आज्ञावली. कचेरीतील कामांसाठी लिहिलेल्या पुष्कळशा आज्ञावली सीपी-एम या कार्यप्रणालीवर चालत आणि ती ८०८० कुळातील प्रक्रियकांसाठी होती. म्हणून ज्यांच्याकडे ६५०२ वर चालणारा ॲपल-२ होता, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये झेड-८० बसविलेले एक जोडपत्र विक्रीस आणले. ते घेणाऱ्यांना प्रामुख्याने हवा होता तो आज्ञावलींचा तयार साठा, अधिक वेग नव्हे. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो या २ मेगाहर्ट्‌झ ६५०२ च्या संगणकालाही दुसरा प्रक्रियक जोडता येई. त्यासाठी मिळणाऱ्या पर्यायांत ६५०२ हा ३ मेगाहर्ट्‌झचा आणि झेड-८० हा ६ मेगाहर्ट्‌झचा होता.

भारतात १९८४ साली शाळांसाठी संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात हाच बीबीसी मायक्रो वापरण्यात आला. १९८२ साली ४८ किलोबाइट स्मृतीचा, झेड-८० वर चालणारा सिंक्लेअर स्पेक्ट्रम १७५ पौंडाला मिळत असताना ३२ किलोबाइटचा बीबीसी मायक्रो ३९९ पौंडाला होता. केवळ किंमत आणि स्मृती पाहणाराने पहिलाच निवडला असता. परंतु ज्या यंत्रावर दिवसभर एकामागून एक विद्यार्थी बसावयाचे, त्यात भक्कम कळफलक, बाहेरची उपकरणे जोडण्याच्या अनेक सोयी, यंत्रे परस्परांना जोडण्याची व्यवस्था आणि शिकविण्यास योग्य अशी बेसिक भाषा यांचे मोल वेगळे असते. घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलासाठी मात्र हाच हिशेब उलटा लागू शकतो. दोन्ही संगणकांच्या किमतीत प्रक्रियकाचा वाटा अल्पच होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निष्कर्ष

या दोन प्रक्रियकांपैकी कोणीही दुसऱ्याला बाजारातून हुसकावून लावले नाही. दोघेही दीर्घकाळ टिकले. सुट्या झेड-८० चे उत्पादन थांबविण्याचे झायलॉगने जाहीर केले ते २०२४ साली, म्हणजे त्याच्या जन्मानंतर ४८ वर्षांनी. प्रक्रियकांचा वेग त्यानंतर हजारो पटींनी वाढला असला, तरी तुलनेची रीत बदललेली नाही. प्रथम आपले काम कोणते ते ठरवावे. मग तेच काम दोन्ही यंत्रांवर करवून वेळ मोजावा आणि संपूर्ण यंत्राच्या, त्याच्या आज्ञावलींच्या व देखभालीच्या खर्चाने त्याला तोलावे. शाळा, ग्रंथालय किंवा लहान कचेरी यांच्याजवळचा पैसा मोजका असतो आणि एकदा घेतलेले यंत्र अनेक वर्षे वापरावे लागते. वेष्टनावरील एका आकड्यावर विसंबून केलेली निवड चुकली, तर तिची किंमत ते यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला रोज मोजावी लागते.