पुण्यातली ताजी बिअर: मेनूतला भाव आणि हातात येणारं बिल

2009 मध्ये डुलालीने पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. नंतर मुंढव्यात इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली, आणि आता शनिवार-रविवारी मुंबईकर खास बिअरसाठी घाट चढून येतात. काचेपलीकडे दिसणाऱ्या स्टीलच्या टाक्यांत जे मुरतं, तेच टेबलावर येतं, यात गंमत आहेच. फक्त मेनू वाचून मनात धरलेला आकडा आणि शेवटी येणारं बिल यांचं क्वचितच जमतं.

आधी माप पाहा. दुकानातली 'पिंट' म्हणजे 330 मिलीची बाटली. ब्रुअरीत पिंट मागितलीत तर बहुतेक ठिकाणी अर्ध्या लिटरच्या आसपासचा ग्लास येतो, काही ठिकाणी लहान. त्यामुळे नुसत्या भावावरून दोन जागांची तुलना करू नका, 100 मिलीचा दर काढा. मोठ्या ग्लासला साधारण 350 ते 500 रुपये पडतात. 500 मिलीला 400 रुपये म्हणजे 100 मिलीला 80. शेजारी 330 मिली 300 रुपयांना असेल, तर तो दिसायला स्वस्त ग्लास 91 रुपयांना पडतो.

तरीही पहिल्या खेपेला मोठा ग्लास घेऊ नका, असंच मी सांगेन. चार-सहा छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवा. मिलीच्या हिशेबात तो थोडा महाग असतो, पण न आवडलेली अर्धा लिटर बिअर त्याहून महाग. एखादीच बिअर चाखायची असेल तर वेटरला सांगा. घोटभर चव बऱ्याच ठिकाणी फुकट देतात. कडवटपणाची सवय नसेल तर हेफेवायझन किंवा बेल्जियन विटपासून सुरुवात करा. हेफेवायझनमधला केळ्या-लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, वरून काही घातलेलं नसतं. विटमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घालतात. आयपीए हॉप्समुळे कडू लागते. ती शेवटी घ्या, नाहीतर पुढच्या बिअरची चवच कळत नाही.

आता बिल. समजा, दोघांनी 400 रुपयांचे दोन-दोन ग्लास घेतले आणि 1200 रुपयांचं खाणं झालं. महाराष्ट्रात बारमध्ये बसून प्यायलेल्या मद्यावर नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के व्हॅट आहे. म्हणजे 1600 वर 160. साध्या रेस्टॉरंटमधल्या खाण्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 1200 वर 60. एकूण 3020 रुपये. बिअरवर जीएसटी लागत नाही. बिलात दोन्ही रकमा एकत्र करून त्यावर जीएसटी लावलेला दिसला, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. महागड्या हॉटेलातल्या ब्रुअरीत खाण्यावरचा जीएसटी 18 टक्केही असू शकतो.

याच बिलात 10 टक्के सेवाशुल्क असेल तर आणखी 280 रुपये जातात. ते द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच हे शुल्क बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. काढायला शांतपणे सांगा, बहुतेक वेळा काढतात. हट्ट धरलाच, तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पोऱ्याने चांगली सेवा दिली असेल, तर टीप त्याच्या हातात ठेवा.

मद्यपानाच्या परवान्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. एका दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, आजीवन 1000. महिन्यातून एखाद्या वेळी पिणाऱ्याला आजीवन परवाना आतबट्ट्याचाच. बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं, त्यामुळे चेहरा कोवळा असेल तर ओळखपत्र जवळ असू द्या. निघण्यापूर्वी कोरडा दिवस नाही ना, हेही बघा. 2 ऑक्टोबर आठवतो, निवडणुकीचे दिवस विसरायला होतात.

मुंबईहून गाडी घेऊन जाऊ नका. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका बाजूने 320 रुपये, पेट्रोल वेगळं, आणि इतकं करून जो गाडी चालवणार त्याने लिंबू सरबत प्यायचं. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रेल्वेचं सेकंड सिटिंगचं तिकीट दीडशेच्या आत येतं. कोरेगाव पार्कला जायला बंड गार्डन मेट्रो स्थानक सोयीचं आहे. मुंढव्याला मात्र रिक्षा किंवा कॅबच करावी लागते, आणि रात्री अकरानंतर कॅबचे भाव वाढतात. शेवटचा ग्लास मागवण्यापूर्वी ॲपवर भाव बघून घ्या.

टाक्या जवळून पाहायच्या असतील तर शनिवारची रात्र टाळा. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, आधी फोन करून विचारा. गर्दी नसेल तर ब्रुअर स्वतः हिंडवतात, एरवी कोणाला वेळ नसतो. हॅपी अवर्सही बहुधा त्याच वेळी असतात. "सगळ्यात ताजी कुठली?" एवढं विचारलंत तरी कुठलं पिंप नुकतं उघडलं, ते कळतं.

काही ठिकाणी घरी न्यायला भरलेली बाटली, ग्रोलर, मिळते. टेबलावरच्या ग्लासापेक्षा लिटरमागे ती स्वस्त पडते का, ते आधी विचारा. बिअर पाश्चराइज केलेली नसते. ती गारच न्यावी लागते आणि उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागते. मुंबईपर्यंतचा प्रवास उन्हातला असेल तर सोडूनच द्या, डुलालीची टॅपरूम्स मुंबईतही आहेत.

पुढची सहल गोव्याची असेल तर तिथली क्राफ्ट बिअर तिथेच संपवून या. कमी करामुळे बाटली स्वस्त दिसते, पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले डिकी उघडायला सांगतात.